खोटा प्रवासी आणि खोटा रोगी: आयर्लंडचा पब, महाराष्ट्राची परमिट रूम

१/ पुनावळ्यापासून चाकणपर्यंत कोणत्याही मोठ्या रस्त्याने संध्याकाळी गेले, की एक पाटी हमखास दिसते: ‘परमिट रूम व बिअर बार’. शब्द इंग्रजी आहेत. पण लंडनमध्ये वा डब्लिनमध्ये मद्यगृहाला कोणी ‘परमिट रूम’ म्हणत नाही. हा शब्द इथल्या एका कायद्याने जन्माला घातला. पाटीखालून आत जाणाऱ्या बहुतेकांना तो परवाना कसला, कोणी दिलेला आणि कोणत्या कारणासाठी, हे ठाऊक नसते. या पाटीमागचा इतिहास समजून घ्यायचा, तर वाट आयर्लंडवरून जाते. दोन्ही देशांत पिणाऱ्याचा शिष्टाचार आवडीनिवडीतून थोडाच घडला; त्याला वळण लावले ते कायद्याने आणि लज्जेने.

२/ प्रथम आयर्लंड. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे संक्षिप्त रूप. घर एका माणसाचे, पण दार सर्वांसाठी उघडे. १६३५ मध्ये तिथे एलगृहांना परवाना घेण्याचा कायदा झाला. पुढे कित्येक गावांत एकाच छपराखाली पुढच्या बाजूला किराणा आणि मागच्या बाजूला मद्य, अशी दुकाने चालत. साखर, चहा, मेणबत्त्या घ्यायला आलेला माणूस मागे जाऊन एक पेला रिचवी आणि गावच्या बातम्या घेऊन घरी परते. दारावर आजही बहुधा मालकाच्या घराण्याचे नाव असते. म्हणजे पबमध्ये जाणे म्हणजे अमक्याच्या घरी जाणे. आणि दुसऱ्याच्या घरी गेलेल्याला जे पथ्य असते, तेच पबच्या गिऱ्हाइकाला.

३/ त्या पथ्यांतले सर्वांत पक्के म्हणजे ‘राउंड’. चौघे बसले, तर प्रत्येकाने आळीपाळीने चौघांसाठी मागवायचे. हिशेबाची वही नसते. पण आपली पाळी येण्याआधी काढता पाय घेणाऱ्याचे नाव गावभर होते. गरीब असणे माफ, कंजूष असणे माफ नाही. या रिवाजाचा जोर इतका, की पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९१५ पासून अनेक भागांत दुसऱ्याला मद्य पाजण्यावरच बंदी घातली गेली. कामगार स्वतःच्या तहानेपेक्षा पाळीच्या भिडेने जास्त पितात, असे सरकारचे मत होते. भीड ही काही केवळ मराठी मनाची मक्तेदारी नव्हे.

४/ बाकीचे नियम साधे. मागणी काउंटरपाशी जाऊन करायची. टाळ्या, शिट्ट्या, नोटा हलवणे वर्ज्य. पेला देणाऱ्याला सगळे दिसत असते, कोण आधी आला हे तो विसरत नाही. गिनीजचा पेला दोन टप्प्यांत भरतात. मधल्या वेळेत फेस खाली बसेपर्यंत थांबायचे, घाई करायची नाही. कोपऱ्यात वादक बसले असतील, तर त्यांच्या खुर्च्या घ्यायच्या नाहीत. शेजारी बसलेला अनोळखी माणूस हवापाण्याविषयी बोलला, तर उत्तर द्यायचे. यातला एकही नियम भिंतीवर लिहिलेला नसतो. तो मोडला की फक्त शांतता पसरते, आणि तेवढी शिक्षा पुरते.

५/ पण हे चित्र फार गोड वाटू लागले, तर कायद्याकडे पाहावे. पब बंद असण्याच्या वेळेत मद्य विकण्यास बंदी होती; अपवाद फक्त ‘खऱ्याखुऱ्या प्रवाशा’चा. आदल्या रात्रीच्या मुक्कामापासून तीन मैल, आणि डब्लिनसारख्या शहरासाठी पाच मैल, दूर आलेला माणूस कायद्याने प्रवासी ठरे. परिणाम काय झाला? डब्लिनकर पाच मैलांच्या रेषेबाहेरच्या पबांकडे जाऊ लागले आणि दारात आपण प्रवासी असल्याचे सांगू लागले. प्रवास पिण्यासाठी, आणि पिणे प्रवासाच्या नावाखाली. १९६० च्या कायद्याने ही सवलत रद्द होईपर्यंत हा ‘प्रवासी’ आयर्लंडच्या रस्त्यांवर फिरत होता.

६/ आता महाराष्ट्र. इथे दारूच्या दुकानाला जुने दोन शब्द: ‘पिठा’ आणि ‘गुत्ता’. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. सरकार दारू विकण्याचा हक्क लिलावाने देई आणि जास्त बोली बोलणारा तो घेई. त्या व्यवहाराचेच नाव दुकानाला चिकटले. आयर्लंडमधल्या जागेचे नाव लोकांवरून पडले, इथल्या जागेचे महसुलावरून. ‘पब्लिक हाउस’ म्हणताना कोणी तरी यजमान असतो, कोणी तरी पाहुणा. गुत्त्यावर मक्तेदार असतो आणि गिऱ्हाईक. जिथे यजमानच नाही, तिथे पाहुण्याचे पथ्य कुठून येणार?

७/ म्हणूनच महाराष्ट्रातल्या सुधारकांचा दारूवरचा राग नुसता सोवळेपणाचा नव्हता. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. गरिबांच्या घरातला पैसा कोणत्या वाटेने सरकारी तिजोरीत जातो, हे ते पाहत होते. १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवकांनी दारूच्या दुकानांपुढे निरोधने केली. एरवी अनेक बाबतीत या दोन परंपरांचे जमत नसे. गुत्त्याच्या दारापाशी मात्र दोघींचे बोट एकाच दिशेला होते. दारूबंदी हा अशा रीतीने परकीय महसुलाविरुद्धचा स्वदेशी प्रश्न झाला.

८/ आयर्लंडमध्येही उलट प्रवाह होता. १८३८ मध्ये कॉर्क शहरात फादर थिओबल्ड मॅथ्यू यांनी संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ सुरू केली आणि थोड्याच वर्षांत लाखो लोकांनी शपथ घेतली. ज्याने शपथ घेतली, त्याला आग्रह करायचा नाही, हाही एक शिष्टाचार ठरला. पुनावळ्याच्या वाचकाला हे समजायला कठीण नाही. देहू आणि आळंदी हाकेच्या अंतरावर. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीला. गळ्यात तुळशीची माळ आली, की मांस आणि मद्य सुटले. माळकऱ्यापुढे पेला सरकवण्याचे धाडस अट्टल पिणाराही करीत नाही. शपथेचा मान राखणे, हा पिणाऱ्यांच्या शिष्टाचाराचाच भाग आहे.

९/ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे आल्यावर मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी लागू करून पाहण्यात आली. महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ आला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाई हे या धोरणाचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या बंदीचा प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे; त्याचा आधार पाठीशी होता.

१०/ या कायद्याला फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनी आव्हान दिले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कायद्याचा मोठा भाग टिकला. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंदी मात्र टिकली नाही. सैन्याला दिलेली सवलतही न्यायालयाने वैध ठरवली. ज्या पुणे परिसरात खडकी आणि देहू रोड यांसारख्या छावण्या आहेत, तिथे याचा अर्थ रोजच्या आयुष्यात दिसत होता. कुंपणाच्या आत जे रीतसर, तेच कुंपणाबाहेर गुन्हा. कायद्याने माणसाला नव्हे, त्याच्या जागेला पाहिले. जसे आयर्लंडच्या कायद्याने मैलांना पाहिले होते.

११/ बंदीलाही फट होती. परदेशी पाहुण्यांना परवाना मिळे. आणि ज्याच्या प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे, अशा माणसाला वैद्यकीय दाखल्याच्या आधारे आरोग्य परवाना मिळे. आयर्लंडमध्ये पिण्यासाठी माणूस प्रवासी झाला. इथे तो रोगी झाला. आनंदासाठी पितो, असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलीच नव्हती. या एका खोट्यातून जो संकोच जन्मला, तो बंदीपेक्षा दीर्घायुषी ठरला. प्रवासी निदान ताठ मानेने दारातून आत येतो. रोग्याला मान खाली घालावी लागते.

१२/ ज्याला दाखला परवडत नव्हता, त्याच्यासाठी मुंबईत ‘आंटीचे अड्डे’ उभे राहिले. गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांतल्या कित्येक बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत चोरून दारू विकली. भिंतीवर मेरीचे चित्र, बाकावर चार माणसे, आवाज खालच्या पट्टीत, पोलीस आल्यास मागचे दार. गंमत अशी, की अनधिकृत असूनही हे अड्डे आयरिश पबच्या अधिक जवळचे होते. तिथे घर होते, यजमानीण होती, आणि तिचा दरारा होता. आरडाओरड करणाऱ्याला ती बाहेर काढी, आणि तो निमूट जाई.

१३/ १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. एकच कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने बंदी राखली, महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ती टप्प्याटप्प्याने सैल केली. कायदा रद्द झाला नाही, परवाने सुलभ झाले. हॉटेलात परवानाधारकांनी बसून प्यायची वेगळी खोली, ती ‘परमिट रूम’. आणि देशी विकणाऱ्या दुकानावर शब्द आला ‘सरकारमान्य’. जुन्या गुत्त्याचा हा नवा पोशाख. आजही कायद्याचे नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असेच आहे. त्यात एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे परवाने आहेत. बिअरसाठी वयाची अट २१, इतर कडक मद्यांसाठी २५. कागदावर महाराष्ट्र अजून दारूबंदीचे राज्य आहे, आणि पिणारा हा अपवाद.

१४/ अपवाद म्हणून जगणाऱ्यांचे शिष्टाचार कसे असतात, ते परमिट रूममध्ये पाहावे. काचा काळ्या, दाराला पडदा, उजेड मंद. ओळखीचा माणूस समोर दिसला, तरी त्याने मान वर करेपर्यंत त्याला पाहिलेले नसते. काका आत आले, तर पुतण्या उठून जातो. काकाही पुतण्याला पाहिल्याचे घरी बोलत नाहीत. पहिल्या घोटाआधी बोटाने दोन थेंब जमिनीवर शिंपडणारे अजूनही आहेत. वेटर हा ‘भाऊ’, गल्ल्यावरचा ‘शेट’ किंवा ‘अण्णा’. ‘अण्णा’ म्हणण्यालाही इतिहास आहे: मुंबई–पुणे पट्ट्यातली अशी कित्येक हॉटेले तुळुभाषक शेट्टी कुटुंबांनी उभी केली. खारे शेंगदाणे, काकडी, पापड हा चखणा. बाहेर पडताना तोंडात बडीशेप. कारण घरी पोहोचणारा माणूस कुठेच गेलेला नसतो.

१५/ ‘राउंड’ इथे रुजला नाही. त्याची जागा ‘पार्टी’ने घेतली. पार्टीला निमित्त लागते: बढती, नवी गाडी, बोनस, मुलाचा निकाल, जमिनीचा सौदा. ज्याचे निमित्त, त्याने सगळ्यांचे द्यायचे. राउंडमध्ये चौघे समान असतात. पार्टीत एक दाता असतो, बाकीचे उपकृत. कारण उघड आहे. राउंडला नियमित, उघड, रोजची सोबत लागते. जिथे रोज येणे हीच लपवण्याची गोष्ट, तिथे पिण्याला दरवेळी नवे कारण द्यावे लागते. वैद्यकीय दाखला गेला, पण ‘कारण दाखवा’ हा रिवाज मागे उरला.

१६/ पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत या रिवाजाला कारखान्याची वेळ येऊन मिळाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. मग वाहनांचे, यंत्रांच्या भागांचे कारखाने आले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. गावोगावहून आलेला कामगार एका खोलीत चार-पाच जणांसह राही. त्याला बसायला ओटा नव्हता, बोलायला पार नव्हता. पाळी सुटल्यावरचा तास-दीड तास हीच त्याची बैठक. पडद्यामागे गावच्या बोलीत बोलण्याची मुभा होती, आणि नोकरीच्या, कर्जाच्या, युनियनच्या गोष्टी निघत. परमिट रूमचा एवढा तरी पब झाला, हे मान्य करायला हवे. त्याच टेबलावर कित्येक पगार संपले, हेही.

१७/ शेजारचा गोवा वेगळ्या वाटेने गेला. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज सत्ता होती, त्यामुळे मुंबई राज्याचा कायदा तिथे कधी पोहोचलाच नाही. गावातली ‘ताव्हेर्न’ उघड्या दाराची, रस्त्याकडे तोंड असलेली. संध्याकाळी फेणीचा एक पेला, शेजाऱ्यांशी चार शब्द, मग घर. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ती वारसा ठरली. महाराष्ट्रातून गोव्यात गेलेला पर्यटक तिथे मोठ्याने बोलतो, घाईने पितो, आणि स्थानिक माणूस त्याच्याकडे नवलाने पाहतो. घाई ही लपूनछपून पिणाऱ्याची सवय असते.

१८/ या सगळ्या चित्रात स्त्री कुठे आहे? आयर्लंडमध्ये तिला ‘स्नग’ होता: पबच्या कोपऱ्यात लाकडी भिंतींची छोटी खोली, अपारदर्शक काच, काउंटरकडे उघडणारी खिडकी. तिथे स्त्रिया, आणि लोकांच्या नजरेस पडू न इच्छिणारे धर्मगुरू, पोलीसही बसत. १९७० च्या दशकातही अनेक पब स्त्रीला पूर्ण ‘पाइंट’ नाकारून अर्धा पेला देत. लिंगावरून सेवा नाकारणे २००० च्या समान दर्जा कायद्याने बेकायदा ठरले. इथे ‘फॅमिली रूम’ आली. तीही बहुधा जेवणासाठी, आणि पडदा लावलेलीच. उघड्या दाराचा आयरिश पब आणि बंद दाराची परमिट रूम, यांचे एका गोष्टीवर एकमत होते: स्त्रीने दिसू नये.

१९/ मैलांचा खेळ मग इथेही आला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. १ एप्रिल २०१७ पासून अंमल सुरू झाला. कारण गंभीर होते: मद्यपी चालकांचे अपघात. पण केरळमधल्या एका बारने दारापर्यंतची वाट मुद्दाम वळणावळणाची करून अंतर वाढवले, आणि काही राज्यांनी रस्त्यांचा दर्जाच बदलला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की पालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ही मनाई लागू नाही. पुनावळे १९९७ मध्येच पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आलेले, आणि महामार्ग त्याच्या कडेने जाणारा. इथे कोण कुठे पिणार, हे पुन्हा एकदा नकाशावरच्या रेषेने ठरले.

२०/ मात्र एक गोष्ट महाराष्ट्राने स्वतः शोधली, आणि ती स्त्रियांची आहे. नियमानुसार स्त्रियांच्या मागणीवरून गावात वा प्रभागात दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात; केवळ झालेल्या मतदानातले बहुमत पुरत नाही. अट कठीण आहे. तरीही अनेक गावांतल्या बायकांनी मजुरी बुडवून, रांगेत उभे राहून, बाटली आडवी केली. जिला पडद्याआड बसवले जाई, तिने सगळ्या गावाच्या वतीने दाराला कुलूप लावले.

२१/ आज पुनावळे, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात उंच इमारती आहेत, देशभरातून आलेले तरुण आहेत, आणि शहरात लाकडी काउंटरची, आयरिश नावांची मद्यगृहेही दिसतात. तिथे मुली उघडपणे बसतात, बिल सारखे वाटून घेतले जाते, दाराला पडदा नसतो. हा बदल लहान नाही. पण आयर्लंडहून लाकूड आणि दिवे आणता येतात. शिष्टाचार आणता येत नाही. तो तिथेही दोन-तीनशे वर्षांच्या शेजारातून आला होता, आणि त्यातही खोटा प्रवासी आणि बंद कोपरा होताच.

२२/ म्हणून या पट्ट्यातल्या तरुण वाचकाने दोन्ही वारसे पारखून घ्यावेत. आयर्लंडकडून समान पाळी, नकाराचा मान आणि अनोळख्याशी सभ्यपणे बोलणे. परमिट रूमकडून वडीलधाऱ्यांची बूज आणि दुसऱ्याचे गुपित पोटात ठेवणे. माळकऱ्याकडून ‘नको’ म्हटले की विषय संपवणे. आडव्या बाटलीकडून हे भान, की टेबलावरच्या प्रत्येक पेल्याचा हिशेब टेबलावर नसलेली कोणी तरी करीत असते. जो आता ना प्रवासी आहे ना रोगी, त्याच्यापाशी सबब उरलेली नाही. किती प्यायचे, कसे वागायचे आणि घरी कसे परतायचे, याचे उत्तर त्याला स्वतःच्या नावानिशी द्यावे लागेल.

धागा समाप्त.